लिनोलियमखालचं कार्ड

आमच्या खालच्या आजोबांनी फुटबॉलची एकही मॅच शेवटपर्यंत पाहिली नाही. आवड नव्हती म्हणून नव्हे. चष्मा पुसून, सफरचंदाच्या रसात पाणी मिसळून, खुर्ची टीव्हीजवळ ओढून ते बसायचे. खेळाडूंवर ओरडायचे, पंचांवर त्याहून जास्त ओरडायचे. आणि ऐंशी मिनिटं झाली की उठून टीव्ही बंद.

मी पहिल्यांदा हे पाहिलं तेव्हा भाड्याच्या करारावर सही करायला त्यांच्याकडे गेले होते. न राहवून विचारलं, “अहो, पण जिंकलं कोण?”

“दोघंही बरं खेळत होते,” ते म्हणाले.

“पण निकाल?”

“फ्राऊ इंजिनिअर, मी खेळ बघायला बसलो होतो. खेळ बघून झाला.”

फ्राऊ इंजिनिअर, म्हणजे इंजिनिअरबाई, ती मी. माझं आडनाव त्यांच्या जिभेला कधी झेपलं नाही, आणि ही हाक मला आवडायची, म्हणून मीही ते शिकवायच्या भानगडीत पडले नाही. आमच्या घरात ते ‘खालचे आजोबा’. रेवा, माझी मुलगी, त्यांना ओपा म्हणायची, म्हणजे जर्मनमध्ये आजोबाच. घर त्यांचं, चार मजल्यांचं. जर्मनीत, गेर्लिंगेनच्या पलीकडच्या टेकडीवरच्या गावात. ते तळमजल्यावर राहायचे, आम्ही त्यांच्या डोक्यावर, आणि आमच्या वर आणखी दोन बिऱ्हाडं. काही सांगायचं असलं तर बेल वाजवायचे नाहीत. खालून छताला झाडूचा दांडा ठोकायचे. एक ठोका म्हणजे पार्सल आलंय. दोन ठोके म्हणजे चूक केलीय, खाली या.

वाचून झालेलं वर्तमानपत्र ते आमच्या दाराशी ठेवायचे, रेवाला रंगकामासाठी खाली अंथरायला. त्यातल्या खेळाच्या पानाला नेहमी चौकोनी भोकं. गुणतक्ते, निकाल, कोण वर गेलं, कोण खाली आलं, सगळं कात्रीने कापून काढलेलं. माझा नवरा मंदार म्हणायचा, “म्हातारा कात्रणं जमवतो वाटतं.” जमवत वगैरे काही नव्हते. त्या तक्त्यांवर बटाटे सोलायचे.

आता मी कोण, तेही सांगते, म्हणजे हा माणूस मला का वेडा वाटला ते कळेल. मी इचलकरंजीची. माझे वडील, अप्पा, यंत्रमागावर कामाला होते. तीस वर्षं मागांच्या खडखडाटात काढली, त्यामुळे आजही फोनवर ओरडून बोलतात. आमच्या घराण्यात कॉलेजची पायरी चढलेली मी पहिली. हे मी लपवत नाही, कुणी विचारलं नाही तरी सांगते. दहावीला शाळेत पहिली, बारावीला केंद्रात पहिली, मेकॅनिकलच्या वर्गात सहा मुली आणि त्यात मी पुढच्या बाकावर. “कितवी आलीस?” या एका प्रश्नाला धरून मी इचलकरंजीहून गेर्लिंगेनच्या ऑफिसापर्यंत आले. तो प्रश्नच ज्याला नको असतो त्याचं काय करायचं, हे मला शिकवलेलं नव्हतं.

दोन ठोके मला पहिल्याच शनिवारी पडले. इकडे ‘केरवोखे’ नावाची भानगड असते. शब्दातच आपला केर आहे, त्यामुळे लक्षात राहतो. जिना आणि दारापुढची वाट झाडायची पाळी दर आठवड्याला एका बिऱ्हाडाकडे. ज्याची पाळी त्याच्या दाराला लाकडी पाटी लटकते. आमची पहिली पाळी. मी आपल्या पद्धतीने वरपासून खालपर्यंत खसाखसा झाडलं. आजोबा आले, कठड्याच्या खालच्या बाजूने बोट फिरवलं आणि ते बोट माझ्या डोळ्यांसमोर धरलं.

“कोरडं झाडलंत?”

“हो.”

“आधी ओलं फडकं. मग कोरडं. नुसतं कोरडं झाडलं तर धूळ जात नाही, जागा बदलते.”

मी म्हटलं, मी इंजिनिअर आहे, मला धूळ शिकवू नका. म्हटलं म्हणजे मनात, मराठीत. पुढच्या पाळीला ओलं फडकं मारलं. ते आले, बोट फिरवलं, बोटाकडे पाहिलं आणि निघून गेले. मला वाटलं, रागावले. ऑफिसातली एक बाई हसून म्हणाली, “आमच्या श्वाबेन भागात कुणी बोललं नाही तर समजायचं, कौतुक झालं.” त्या हिशोबाने त्या वर्षी माझं भरपूर कौतुक झालं.

सकाळी पावणेसातला ते मागच्या अंगणात पांढऱ्या बनियनवर कवायत करायचे. बर्फ असला तरी. वडिलांनी शिकवलेल्या सोळा हालचाली, रोज त्याच, त्याच क्रमाने. मी स्वयंपाकघराच्या खिडकीतून डबा भरता भरता पाहायचे. एक गोष्ट माझ्या लक्षात यायला वर्ष गेलं. सुरुवात करण्यापूर्वी ते दोन्ही हात बाजूंना ताणायचे, उजवीकडे बघायचे, डावीकडे बघायचे, आणि मग अर्धं पाऊल सरकायचे. शेजारी कुणी उभं असेल तर त्याला हात लागू नये म्हणून सरकतो ना आपण, तसं. अंगणात त्यांच्याशिवाय कुणी नसायचं.

रेवा तिसरीत असतानाची गोष्ट. इथे शाळांतून मैदानी स्पर्धा होत. पळणं, लांब उडी, चेंडूफेक. गुण मोजून तीन प्रकारची प्रमाणपत्रं. एक मानाचं, एक विजेत्याचं, आणि ज्यांना यातलं काही जमलं नाही त्यांना सहभागाचं. रेवा सहभागाचं घेऊन आली. मी विचारलं, “किती सेकंद?” ती जर्मनमध्ये म्हणाली, माहीत नाही. आमचं घरातलं बोलणं असंच, माझं मराठी, तिचं जर्मन. मी म्हटलं, “उडी किती?” तेही माहीत नाही. मी ते प्रमाणपत्र फ्रिजवर लावलं नाही. दुसऱ्या दिवशी, ती शाळेत गेल्यावर, रद्दीच्या निळ्या डब्यात टाकून दिलं. सहभागाचं प्रमाणपत्र आपल्याकडे सगळ्यांनाच देतात, त्यात काय ठेवायचं?

डबे उचलायला गाडी यायच्या आदल्या दिवशी आजोबा सगळे डबे उघडून बघायचे, कुणी कुठे भलतंच टाकलंय का. दोन ठोके पडले.

मी खाली गेले. मागोमाग रेवाही उतरली, ते मला दिसलं नाही. आजोबांच्या हातात ते प्रमाणपत्र, वर चहाचा डाग.

“हे आल्टपापीअरमध्ये होतं,” ते रद्दीच्या डब्याकडे बोट करत म्हणाले. “हे आल्टपापीअर नाही.”

“कागदच आहे ना?” मी म्हटलं. मला वाटलं, वर्गीकरणाची चूक काढतायत.

“कागद आहे. रद्दी नाही.”

तेवढ्यात त्यांना माझ्यामागे रेवा दिसली. मलाही दिसली. तिने प्रमाणपत्र पाहिलं, डाग पाहिला, मग माझ्याकडे पाहिलं.

आजोबांनी तिला विचारलं, “कोणाबरोबर धावलीस?”

आणि ही मुलगी सुरू झाली. लीनाबरोबर. एमिलबरोबर. आणि एक नवीन मुलगी आलीय, तिला जर्मन येत नाही, शिट्टी वाजल्यावर ती उलट्या दिशेने पळाली, मग एमिल तिच्या मागे पळाला, तिला वाटलं शिवाशिवी आहे, ती आणखी जोरात पळाली, आणि बाईंनी तो अख्खा गट पुन्हा पळवला, तोवर सगळ्यांचं हसून पोट दुखत होतं. मी सेकंद विचारले होते म्हणून मला यातलं काही कळलं नव्हतं.

आजोबा गेनाऊ, गेनाऊ, म्हणजे बरोबर, बरोबर, म्हणत ऐकत होते. मग आत गेले आणि बिस्किटांचा एक पत्र्याचा डबा घेऊन आले. डब्यात रुमाल, रुमालात एक कार्ड. तळहाताएवढं, कधीकाळी गुलाबी असावं, आता चहाच्या रंगाचं. मधोमध घडी पडलेली, एक कोपरा झिजलेला. एक शिक्का, एक नंबर, आणि जुन्या वळणाच्या अक्षरात शाईने लिहिलेलं एक नाव.

“माझ्या वडिलांचं,” ते म्हणाले. “हेही सहभागाचंच आहे.”

मग त्यांनी सांगितलं ते असं. एकोणीसशे पंचवीस साली फ्रांकफुर्टला कामगारांचं ऑलिंपिक झालं होतं. मी नाव कधी ऐकलं नव्हतं, मंदारनेही नव्हतं. महायुद्ध संपून सात वर्षंच झालेली. मोठ्या ऑलिंपिकमध्ये तेव्हा जर्मनांना बोलवत नसत. पण देशोदेशीचे कामगार आपापल्या क्रीडामंडळांतून इथे आले, ज्यांच्यावर सात वर्षांपूर्वी गोळ्या झाडल्या त्यांच्याच घरी उतरले, त्यांच्याच ताटात जेवले. देशांचे झेंडे नव्हते, राष्ट्रगीतं नव्हती. आजोबांचे वडील बावीस वर्षांचे. कारखान्यात लेथवर काम करायचे. गावातल्या कामगारांच्या मंडळातले चौघं सायकलींवरून फ्रांकफुर्टला गेले.

मी विचारलं, “कितवे आले?”

“कोण?”

“तुमचे वडील.”

आजोबा हसले. वरचे दोन दात नव्हते हे तेव्हा कळलं. “ते कवायतीत होते. हजारो माणसं एका मैदानात. एकाच वेळी हात वर. त्यात कितवा हात माझ्या वडिलांचा, कसं सांगू?”

“म्हणजे शर्यती नव्हत्याच?”

“होत्या की. पळणारे पळाले, जिंकणारे जिंकले. वडील घरी आल्यावर त्यातलं काही सांगायचे नाहीत. उजवीकडे कोण उभा होता ते सांगायचे. तो चेक होता, सुतार. डावीकडचा फ्रेंच. सोळा हालचाली झाल्यावर तो रडला म्हणे.”

मला त्या अर्ध्या पावलाचा अर्थ तेव्हा लागला.

तेहेतीस साली नवीन सरकार आलं आणि कामगारांची मंडळं बंद झाली. व्यायामशाळा काढून घेतली, सामान नेलं, यादीतल्या लोकांच्या घरी झडत्या. वडिलांनी स्वयंपाकघरातलं लिनोलियम, म्हणजे जमिनीवर चिकटवतात ते जाड मेणकापड, चुलीजवळ उचकटलं, खाली कार्ड ठेवलं आणि परत चिकटवलं. आजोबांचा जन्म त्यानंतर पाच वर्षांनी. त्या लिनोलियमवर ते रांगले, चालायला शिकले.

“आई दर शनिवारी फरशी पुसायची. ओलं फडकं, मग कोरडं. चुलीजवळच्या एका जागेवर जास्त वेळ पुसायची. मला वाटायचं, तिथे डाग आहे.”

लढाई संपली तेव्हा ते सात वर्षांचे होते. वडील बटाट्याची सुरी घेऊन गुडघ्यांवर बसले आणि त्या जागेवर लिनोलियम कापलं. आई ओरडली, चांगली फरशी खराब करता म्हणून. मग कार्ड निघालं, तेव्हा तिने एप्रनला हात पुसले आणि ते हातात घेतलं.

त्या संध्याकाळी मी रेवाचं प्रमाणपत्र फ्रिजवर लावलं, डागासकट. रेवाची माफीही मागितली, मराठीत. ती जर्मनमध्ये म्हणाली, ठीक आहे.

ही सगळी पार्श्वभूमी. आता माझा पराक्रम सांगते.

त्या खेळांना शंभर वर्षं व्हायची होती. गावच्या छोट्या संग्रहालयाने ठरवलं की गावातल्या जुन्या कामगार मंडळावर एक प्रदर्शन करायचं. मंडळ पुन्हा कधी उभंच राहिलं नव्हतं. युद्धानंतर ते दुसऱ्या मंडळात विरघळलं, आणि त्या मंडळाच्या जाडजूड इतिहासात त्याला एक ओळ होती. संग्रहालयाच्या बाईंनी आजोबांकडे कार्ड मागितलं, प्रदर्शनापुरतं उसनं. आजोबा त्या दिवशी स्वतः जिना चढून वर आले. सत्त्याऐंशीचे होते. बेल वाजवली. आम्हाला कळेचना कोण आलंय.

“फ्राऊ इंजिनिअर, करार भरायचा आहे. अक्षरं बारीक आहेत.”

मी फॉर्म भरायला घेतला. कागदपत्रं हा माझा प्रांत. वडिलांचं नाव लिहिताना मी विचारलं, “यांची कबर गावातच ना?”

“होती. इथे कबरीची जागा भाड्याने असते, मुदतीची. मुदत दोनदा वाढवली, तिसऱ्यांदा वाढवून दिली नाही. दगड नेला.” मग म्हणाले, “गावात त्यांचं नाव आता कुठेच नाही. या कार्डावर आहे तेवढंच.”

मी म्हटलं, “काळजी करू नका. कार्ड द्या, मी ऑफिसच्या मोठ्या स्कॅनरवर स्कॅन करून आणते. असू दे एक प्रत.” त्यांनी डबा माझ्या हातात दिला. बारा वर्षं जमिनीखाली राहिलेली वस्तू, दोन्ही हातांनी दिली.

शुक्रवारी दुपारी ऑफिस रिकामं होतं. स्कॅन उत्तम आला, दोन्ही बाजूंचा. कार्ड काचेवरून उचललं आणि झिजलेल्या कोपऱ्याचा कपटा काचेवरच राहिला. घडीकडे पाहिलं तर तीही चिरत चाललेली. नेमका त्याच वेळी अप्पांचा व्हिडिओ कॉल. मी कार्ड कॅमेऱ्यापुढे धरून सांगितलं काय झालं ते.

अप्पा ओरडले, “ल्यामिनेशन करून टाक की! कागद हाय त्यो, उद्या तुकडं पडतील. मानाचा कागद असा उघडा ठेवत्यात व्हय?”

शेजारीच यंत्र होतं. सुरक्षेच्या सूचना करायला ठेवलेलं. कुणीतरी नुकतंच वापरलेलं, गरम. मी कपटा त्याच्या जागी बसवला, चारी बाजूंनी चांगला बोटभर समास सोडला आणि कार्ड आत सरकवलं. दीड मिनिट. थोडं तिरकं निघालं, एका बाजूला हवेचा बुडबुडा. पण कोपरा पक्का, घडी पक्की. मी खूश. इतकी खूश की घरी येऊन मंदारच्या हातात दिलं.

मंदारने उलटंपालटं केलं. “हे ओरिजिनल आहे?”

“मग काय झेरॉक्स करू लॅमिनेट?”

“अगं, संग्रहालयात द्यायचंय ना ते?”

तेव्हा मला सगळं एकदम आठवलं. माझी डिग्री. डिग्री हातात आली त्याच्या दुसऱ्याच दिवशी अप्पांनी ती एसटी स्टँडजवळच्या दुकानात नेऊन लॅमिनेट केली होती. स्वतःला वाचता येत नव्हती, पण सायकलला पिशवीत लावून घरी आणताना रस्त्यात चार जणांना दाखवली होती. आणि जर्मनीला यायच्या वेळी मुंबईतल्या एका टेबलावर कारकुनाने ती डिग्री नखाने टकटक वाजवली. “यावर शिक्का कुठे मारू, मॅडम? प्लास्टिकवर?” डुप्लिकेट काढण्यात चार महिने गेले. अप्पांना मी आजतागायत सांगितलेलं नाही. म्हणजे हा धडा माझा एकदा पाठ झालेला होता. तरी हात गेला तो गेलाच.

मंदार म्हणाला, “हेअरड्रायरने गरम करून सोडवता येईल का?”

मी म्हटलं, “हात लावू नकोस.”

शनिवारी सकाळी मी खाली गेले. नोकरीत, घरात, कुठेही, चूक झाली की मी ती आपणहून सांगते, कारण दुसऱ्याने शोधून काढलेली जास्त लागते. कार्ड त्यांच्या हातात दिलं आणि म्हटलं, “मी चूक केली. हे आता निघणार नाही. कुणी सांगितलं म्हणून नाही, मीच केलं.”

त्यांनी कार्ड खिडकीकडे धरलं. बुडबुड्यावर अंगठा ठेवला.

“आल्झो, तर मग,” म्हणाले. “मंगळवारी त्या बाई येतील. तेव्हा तुम्हीही या.” आणि दार लावून घेतलं, हळूच. आपटलं असतं तर बरं वाटलं असतं.

रविवारी पावणेसातला मी खिडकीत उभी राहिले. अंगण रिकामं. सोमवारीही रिकामं. दाराशी भोकांचं वर्तमानपत्र नाही. मंदार म्हणाला, “थंडी असेल.” मे महिना होता.

मंगळवारी संग्रहालयाच्या बाई आल्या. तरुण होत्या, नीटनेटक्या. टेबलावर पांढरं कापड अंथरलं, पांढरे हातमोजे चढवले. आजोबांनी डबा उघडून कार्ड पुढे सरकवलं. बाईंनी ते पाहिलं, आणि हातमोजे काढून पर्समध्ये ठेवले.

मी सगळं सांगितलं. कपटा, यंत्र, सगळं. बाई मर्यादेने बोलल्या. म्हणाल्या, हे सोडवायचा प्रयत्न केला तर शाई जाईल, नाव जाईल. अस्सल म्हणून ते मांडता येणार नाही. मग म्हणाल्या, “तुमचा स्कॅन मात्र फार सुरेख आहे. त्याची नक्कल करून काचेत लावू. खाली नाव, मंडळ, साल.”

आजोबांनी विचारलं, “म्हणजे नाव लागेल?”

“लागेल.”

“पूर्ण?”

“पूर्ण.”

“मग नक्कल तुमची. अस्सल माझ्याकडे राहील.” आणि माझ्याकडे वळून म्हणाले, “आता सांगा. का केलंत?”

मी म्हटलं, “आमच्याकडे ज्या कागदाचा अभिमान असतो त्याला असं करतात. माझ्या वडिलांनी माझ्या डिग्रीला केलं होतं.”

“ते काय काम करायचे?”

“यंत्रमागावर. कापड विणायचे.”

“यंत्रावर,” ते म्हणाले. स्वतःशीच. मग, “त्यालाही बुडबुडा आला होता?”

“आला होता. याहून मोठा.”

ते दोन दात नसलेलं हसू मला तेव्हा पुन्हा दिसलं. मग म्हणाले, “सिंकवरचं फडकं द्या. ओलं करून.”

मी दिलं. त्यांनी ते पिळलं, कार्ड टेबलावर ठेवलं आणि पुसायला लागले. प्लास्टिकवरून, गोल गोल, बुडबुड्याच्या जागी जरा जास्त वेळ. संग्रहालयाच्या बाईंचा हात अडवायला पुढे आला आणि मध्येच थांबला. प्लास्टिक होतं, काय व्हायचं होतं?

“आई अशीच पुसायची,” आजोबा म्हणाले. “बारा वर्षं. खाली हेच होतं आणि वर हेच फडकं. फक्त तेव्हा दिसत नव्हतं.” मग कोरडं फडकं मागितलं.

बुधवारी पावणेसातला ते अंगणात होते. हात ताणले, उजवीकडे पाहिलं, डावीकडे पाहिलं, अर्धं पाऊल.

त्याच आठवड्यात त्यांनी मी सोडलेल्या समासात एक भोक पाडलं, सुतळी ओवली आणि कार्ड केरवोखेच्या पाटीबरोबर लटकवून दिलं. ज्याची पाळी त्याच्या दाराला पाटीही आणि कार्डही. वरच्या बिऱ्हाडाने विचारलं, हे काय? आजोबा म्हणाले, “ते पण पुसायचं. आधी ओलं.” बस. त्या माणसाला शंभर वर्षांचा कागद चार घरांच्या दारांवर फिरवायला भीती वाटली नाही. संग्रहालयात काचेमागे नक्कल, तिच्याखाली वडिलांचं पूर्ण नाव. ते पाहायला आम्हाला सगळ्यांना घेऊन गेले, रेवाला सगळ्यात पुढे. नक्कल बघून म्हणाले, “ही आराम करतेय. आपली कामावर आहे.”

या वसंतात आम्ही त्सुफेनहाउझेनला स्वतःचं घर घेतलं. अप्पांना फोन केला तर पलीकडून एवढे ओरडले की मंदारला बाजूच्या खोलीत ऐकू आलं. जुनं घर सोडताना आजोबांनी सगळ्या खोल्यांतून बोट फिरवलं. बोटाकडे पाहिलं. काही बोलले नाहीत. रेवाच्या डोक्यावर हात ठेवला आणि मला म्हणाले, “घर बदललं. पाळी नाही बदलली.”

मला वाटलं, निरोपाचं बोलणं आहे. जाता जाता माणूस काहीतरी बोलतो.

गेल्या सोमवारी साध्या पाकिटातून कार्ड आलं. साधं तिकीट, साधी पेटी. पाकीट एका कोपऱ्याला पावसाने भिजलेलं. मी लगेच फोन लावला.

“अहो, रजिस्टर तरी करायचं! हरवलं असतं म्हणजे?”

“हरवलं नाही,” ते म्हणाले. “भिजलं का?”

“पाकीट भिजलंय.”

“कार्ड?”

“नाही.”

“मग? तुमचंच काम आहे ते. पुढच्या सोमवारी परत पाठवा, वरच्यांची पाळी आहे.” आणि फोन ठेवला.

आत एक चिठ्ठी होती. जुन्या वळणाचं अक्षर, मोठं. ‘तुमची पाळी. आधी ओलं.’

मी कपाटाच्या तळाशी ठेवलेली सुटकेस काढली. त्यात अप्पांनी लॅमिनेट केलेली माझी डिग्री होती, बुडबुड्यासकट. शिक्क्याच्या टेबलावरून परत आल्यापासून ती मी कुणाला दाखवली नव्हती. आता आमच्या नव्या दाराला बाहेरच्या बाजूने दोन कागद लटकवले. एक त्यांच्या वडिलांचा, एक माझा. माझ्या कागदावर ‘प्रथम श्रेणी, विशेष प्रावीण्य’ असं लिहिलंय, आणि ते तसंच राहील. मी काही आजोबांसारखी तक्ते कापणारी नाही. ते मिळवायला मी आणि अप्पा दोघंही खपलोय.

रेवा ओलं फडकं घेऊन कार्ड पुसत होती. समोरच्या घरातला तरुण ऑफिसला निघाला होता, तो थांबला. वाकून वाचलं.

“एकोणीसशे पंचवीस?” तो म्हणाला. “अरे वा. कितवे आले होते हे?”

मी तोंड उघडलं होतं. पण रेवाने त्याच्याकडे न बघताच उत्तर दिलं.

“ते लिहिलेलं नाही त्यावर,” ती म्हणाली, आणि कोरड्या फडक्यासाठी माझ्यापुढे हात केला.